तंबाखूचं पाणी ‘नैसर्गिक’ असेल, पण ते विष आहे

‘आपलं ताट विषमुक्त करा, सहा सोपे नियम’ हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला किती ग्रुपवर आला ते मोजलं नाही. दरवेळी न वाचता सोडून दिला. शेवटी तो मला वहिनींनी स्वतःच्या फोनवर दाखवला, तेव्हा त्या आरोग्य केंद्राच्या खाटेवर होत्या आणि हाताला सलाईन लावलेलं होतं. मग मात्र ओळ न् ओळ वाचला.

नियम असे. एक, किडकी भाजी घ्या, कीड आहे म्हणजे फवारा नाही. दोन, फळाच्या स्टिकरवरचा नंबर 9 ने सुरू झाला तर सेंद्रिय, 8 ने झाला तर जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं. तीन, भाजी कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्यात भिजवा. चार, परसातल्या भाजीवर तंबाखूचं पाणी उकळून मारा, नैसर्गिक असल्यामुळे अपाय नाही, दुसऱ्या दिवशी तोडून खा. पाच, काळा गूळ सेंद्रिय, पिवळा केमिकलचा. सहा, फवारणीच्या औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असेल तर ते सेंद्रिय औषध. खाली ‘जनहितार्थ’.

मी चौथ्यापासून सुरू करतो, कारण वहिनी त्यानंच आडव्या झाल्या.

त्यांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वांग्याची आठ-दहा झाडं आहेत आणि चवळीचा वेल आहे. चवळीवर मावा पडला होता, शेंडे काळे झाले होते. त्यांनी पाव किलो पानतंबाखू आणली, जर्मलच्या गंजात चुलीवर तासभर उकळली आणि तो काढा जुन्या लुगड्याच्या फडक्यातून उघड्या हातानं पिळून गाळला. मग निंबाच्या डहाळीनं वेलावर शिंपडला. पोळ्याच्या आधीची उमस, अंगाला धार लागलेली. तासाभरात मळमळ, उलट्या, कपाळावर गार घाम, आणि हात असे थरथरायला लागले की पाण्याचा गिलास धरवेना. दादा वावरात होता. शेजारच्या पोरांनी मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेलं. मी पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तंबाखूच तं होती, भाऊजी. सारे खर्रा खाऊन रायले न. मले का माईत?’’

त्यांना माहीत नसणार, यात त्यांची काहीच चूक नाही. पण ज्यानं ‘अपाय नाही’ असं लिहिलं, त्यानं ते कशाच्या आधारावर लिहिलं? तंबाखूतलं निकोटिन पाण्यात सहज विरघळतं, उकळून उडून जात नाही, आणि कातडीतून अंगात शिरतं. ओली, घामेजलेली कातडी असेल तर आणखी लवकर. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना जो त्रास होतो त्याला ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ म्हणतात आणि त्याची लक्षणं हीच: उलट्या, चक्कर, घाम, थरथर. कुणी म्हणेल, आमच्या आज्यापासून तंबाखू वापरतात. वापरतात, आणि अळी मरते तीही खरीच. ते जालीम आहे म्हणूनच तर मरते.

आता सरकारचीच एक यादी घ्या. बंदी घातलेल्या कीटकनाशकांची केंद्र सरकारची यादी आहे. तिच्यात निकोटिन सल्फेट आहे. 1992 पासून ते आपल्या देशात वापरायला बंदी आहे, बनवायचं असेल तर फक्त निर्यातीसाठी. म्हणजे डब्यात भरून विकलेलं निकोटिन सरकार आपल्या शेतावर मारू देत नाही, आणि हा मेसेज तेच निकोटिन चुलीवर काढून घरच्या चवळीवर मारायला सांगतो, वर दुसऱ्या दिवशी लेकरांच्या ताटात वाढायला सांगतो. ज्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला ‘केमिकल’ म्हणून आपण नावं ठेवतो, ते किड्याच्या नसांमध्ये निकोटिनच्याच जागी जाऊन बसतं. झाडातून निघालं की विषाचा गुण जातो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. धोतराही नैसर्गिक आहे, कण्हेरीही नैसर्गिक आहे.

परसातल्या चार झाडांवर काही मारायचंच असेल तर निंबोळी अर्क आहे. पाच किलो निंबोळीचा कुटलेला गर शंभर लिटर पाण्याला, हे पाच टक्क्यांचं प्रमाण कृषी सहायक कधीचे सांगत आले आहेत. दोन लिटर पाण्याला शंभर ग्रॅम गर झाला. रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला, संध्याकाळी मारा. आणि मावा थोडासाच असेल तर नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेनंही बराच झडतो.

सहावा नियम तितकाच घातक आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात तो मेसेज फिरावा याचा मला संताप येतो. डब्यावरचा त्रिकोण विषाची पायरी सांगतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य असलं तरी विषच. सेंद्रियशी त्याचा काडीचा संबंध नाही. 2017 च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन आपल्या एकट्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. माणसाच्या उंचीच्या कपाशीत, तोंडाला नुसता दुपट्टा बांधून, दिवसभर पंप पाठीवर. ज्या जिल्ह्यानं ते पाहिलं, तिथं ‘हिरवा त्रिकोण बिनधास्त मारा’ असा अर्थ निघेल असं काही पाठवू नका. डब्यावर त्रिकोणाशेजारी आणखी एक गोष्ट छापलेली असते, फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ती. ती वाचा, वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या.

किडक्या भाजीचं. वांग्यातली अळी अंड्यातून निघाली की काही तासांतच फळात शिरते. शिरताना पाडलेलं बारीक भोक बुजून जातं. आत गेल्यावर वरचा फवारा तिला लागत नाही. म्हणून वैतागलेला माणूस आणखी फवारतो, आणखी जालीम फवारतो. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे जे किडकं वांगं तुम्ही विषमुक्त समजून पारखून घेता, ते कदाचित त्या वावरातलं सगळ्यात जास्त फवारलेलं वांगं असेल. आणि जो शेतकरी मादीच्या वासानं पतंग पकडणारे कामगंध सापळे लावून, किडके शेंडे खुडून चांगलं निकोप वांगं आणतो, त्याच्याकडे तुम्ही संशयानं बघता. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी होती, तरी कपाशीसाठी आणलेला डबा वांग्यावर फिरल्याचं आपण कितीदा पाहिलं आहे. भोक पाहून यातलं काहीच कळत नाही.

कपड्याच्या पावडरीबद्दल फार लिहायची गरज नाही. भाजीला बारीक खाचा असतात, सांभार (कोथिंबीर) आणि मेथीत तर विचारूच नका. पावडर तिथं राहते आणि पोटात जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, कोरोनाच्या वर्षातच सांगितलं होतं की भाजी-फळांवर साबण किंवा जंतुनाशक मारू नका. इथं एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. भिजवण्याची मूळ कल्पना पूर्ण खोटी नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरला दहा ग्रॅम खाण्याचा सोडा टाकून बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं जवळजवळ निघून गेली. पण त्यातल्या एकाचा साधारण पाचवा हिस्सा सालीच्या आत मुरला होता, तो सोड्यानं निघाला नाही. खाण्याचा सोडा आणि कपड्याची पावडर, मेसेजवाल्यानं यातला फरकही पाहिला नाही.

स्टिकर. 9 चा संकेत बाहेरच्या देशांतल्या दुकानांसाठी आहे, ऐच्छिक आहे, आणि 8 चा नंबर फळावर कधी वापरातच आला नाही. आपल्या आठवडी बाजारात सफरचंदावर काहीही छापलेला स्टिकर चिकटवता येतो. जीएमची भीती घालायची असेल तर निदान माहिती घेऊन घाला: बीटी या जीएम वांग्याच्या लागवडीला 2010 मध्ये स्थगिती मिळाली. आपल्याकडे पिकतं ते बीटी कापूस, आणि त्याच्या सरकीचं तेल आपण खातो, ढेप गाई-म्हशींना घालतो. पाकीटबंद मालावर सेंद्रियची खूण पाहायची तर ‘जैविक भारत’चं चिन्ह पाहा. त्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस या सेंद्रिय शेतीच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. छोटा शेतकरी स्वतः थेट तुम्हाला विकतो तेव्हा त्याला ही सक्ती नाही, तिथं ओळख आणि विचारपूस हाच उपाय.

गुळाचं थोडं खरं आहे. फार पांढुरका, पिवळाधमक गूळ असेल तर हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन टाकलेलं असू शकतं. पण रंग उसाची जात, जमीन आणि कढईतला जाळ यांवरही ठरतो. करपलेला गूळही काळाच होतो, त्यामुळे काळ्या रंगाला जास्त पैसे मोजू नका.

वहिनी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. तो गंज दादानं तळाला भोक पाडून उकिरड्याच्या पलीकडे पुरला, कुणी त्यात पुन्हा भात शिजवू नये म्हणून. परवाच्या बाजारात मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी वांगी उलटसुलट करून पाहिली नाहीत. टोपलीवाल्या बाईला सरळ विचारलं, ‘‘बाई, फवारा कवा मारला होता?’’ ती क्षणभर गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, ‘‘परवाच मारला व माय. वांगे आज नोको नेऊ, दोडके घे, त्यावर काईच मारलं नाई.’’ वहिनींनी दोडके घेतले.