दह्यानं पोरांना सर्दी होत नाही

पाऊस लागला की आमच्याकडे मोबाईलवर तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्या जावेनं पाठवला, मग शेजारच्या वयनींनी. मेसेज असा: दही थंड असतं, त्यानं पोरांना सर्दी-कफ होतो. आयुर्वेदानं रात्री दही वर्ज्य सांगितलंय. तीन वर्षांच्या आत ते पचत नाही. घरच्या दह्यात कसले जंतू असतील सांगता येत नाही, म्हणून द्यायचंच तर बाजारातलं फळांच्या चवीचं कपातलं द्या. आणि पोरानं दोन-तीनदा तोंड फिरवलं तर ते त्याला मानवत नाही असं समजून सोडून द्या. वयनींच्या पाच वर्षांच्या मुलाचा दहीभात त्या दिवसापासून बंद झाला, आणि त्या पोराला तर दुसरं काही धड जात नाही. म्हणून एकेका गोष्टीला उत्तर देतेय.

सर्दी विषाणूंमुळे होते. ती आणणारे विषाणू २०० हून अधिक आहेत, त्यात रायनोव्हायरस सगळ्यात पुढे. एकाच्या शिंकेतून, नाकाला लावलेल्या हातातून ते दुसऱ्याला लागतात. आपल्या बेळगाव-खानापूर भागात जूनमध्ये काय होतं बघा. शाळा नुकती सुरू झालेली, पावसाची झड, वर्गाच्या खिडक्या बंद, एका बाकावर तिघं-चौघं. सर्दी तिथं पसरते आणि घरी आल्यावर दोष ताटातल्या दह्याला लागतो. दूध-दह्यानं कफ वाढतो का, हे तपासूनही झालंय, वाढत नाही. दूध लाळेत मिसळलं की घशात थोडा वेळ दाटपणा जाणवतो, लोकांना तोच कफ वाटतो. एक मात्र खरं, घसा दुखत असताना फ्रीजमधलं गारढोण दही पोराला सोसत नाही. तेवढं अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावं.

आयुर्वेदाचं नाव घेतलंय तर पूर्ण घ्यावं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘न नक्तं दधि भुञ्जीत’, म्हणजे रात्री दही खाऊ नये, असं आहेच. पण त्याच श्लोकात पुढं तूप-साखर, मुगाचं कढण, मध, आवळा यांच्याशिवाय दही खाऊ नये आणि ते गरम करून खाऊ नये, असंही म्हटलंय. म्हणजे दही कसं खावं याचा तो नियम आहे. लहान पोरांना ते देऊच नका असं त्यात नाही. ज्या घरात रात्रीचं दही पाळतात त्यांनी खुशाल दुपारी द्यावं. पोराचं काही अडत नाही.

तीन वर्षांची अट कुठून आली कळत नाही. सहा महिने पूर्ण झाले, वरचं अन्न सुरू झालं, की मऊ भातात कालवून चमचाभर दही देता येतं. वर्षाच्या आत आईच्या दुधाची जागा गाई-म्हशीच्या दुधानं घेऊ नये हे बरोबर, पण चमचाभर दही ही वेगळी गोष्ट. विरजल्यावर दुधातल्या साखरेचा काही भाग आंबून जातो, म्हणून ज्याला दूध जड जातं त्यालाही दही बऱ्याचदा सोसतं. मात्र दूध दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, शौचातून रक्त गेलं, तर दहीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाकीच्यांचा हिशेब सरळ आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि मोठ्या वाटीभर दह्यातून त्याचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो. नाचणीत तर १०० ग्रॅममागं ३४० मिलिग्रॅमहून जास्त. आपल्या आज्ज्या नाचणीच्या आंबिलीत ताक घालून द्यायच्या, त्यात दोन्ही आलं.

घरच्या दह्यातल्या जंतूंची भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगेन: दूध उकळल्यावर, स्वच्छ चमच्यानं विरजण लावल्यावर त्यात वाढतात ते दूध आंबवणारे जंतू, आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचं फारसं चालत नाही. बुरशी दिसली, विचित्र वास आला तर टाकून द्यायचं. आता तो बाजारातला फळांच्या चवीचा कप हातात घ्या. लेबलावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी लिहिलेली असते. वरून घातलेल्या साखरेचा आकडा पाचानं भागा, तेवढे चमचे साखर. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरची साखर नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पोराला गोड हवं असेल तर साध्या दह्यात पिकलेलं केळं कुस्करा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो शेवटचा सल्ला, दोन-तीनदा नको म्हटलं की सोडा. नवी चव लहान मुलाला आधी परकी वाटते. ती आपली वाटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते, असं अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलंय. समोर यावी, कोंबली जाऊ नये. ‘दही खाल्लंस तर चॉकलेट’ म्हटलं की पोराला कळतं, चॉकलेट म्हणजे बक्षीस आणि दही म्हणजे शिक्षा. काय वाढायचं हे आपण ठरवावं. खायचं का, किती, हे त्याला ठरवू द्यावं. शाळेत बिसी ऊटाच्या, म्हणजे दुपारच्या गरम जेवणाच्या पंगतीत तेच पोर मुकाट्यानं सांबार-भात खातं, कारण शेजारचे सगळे खात असतात.

माझी धाकटी दही बघितलं की ताट ढकलायची. मी बोलणं सोडलं. आम्ही सगळे खायचो, तिच्या ताटात चमचाभर असायचं, बहुतेक वेळा तसंच राहायचं. मग, हा मेसेज यायच्या आधी, वयनींकडं मोसरन्न म्हणजे दहीभात खाणाऱ्या त्यांच्या पोराशेजारी बसून तिनं एकदा बोट चाटलं. त्यानंतर विरजण लावायचं काम मी तिला दिलं. खानापूरच्या मातीचं छोटं मडकं आहे. त्यातल्या दुधात ती करंगळी बुडवून बघते, चटका नको आणि गारही नको. चमचाभर विरजण घालते, हलवते. पावसाळ्यात दही लवकर लागत नाही, म्हणून मडकं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. सकाळी तोंड धुवायच्या आधी मडकं हळूच तिरपं करते आणि ओरडते, ‘आई, हललं नाही!’ वरची साय तिची.

भरलं वांगं अजून नको म्हणते. केलं की मी एक फोड तिच्या ताटाच्या कडेला वाढते.