बेसावध राहण्याची पूर्वतयारी

शत्रूने आपल्या सीमेवर तीस लाखांचे सैन्य आणून उभे करावे आणि तरीही हल्ल्याच्या पहाटे आपले सरकार बेसावध सापडावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे चिकाटीने तयारी करावी लागते. वाचकहो, उद्या आपल्या हाती राज्यकारभार आलाच, तर या बाबतीत स्वतःची अक्कल चालवण्याच्या भानगडीत पडू नका. हिटलरच्या जर्मनीने २२ जून १९४१ रोजी हल्ला केला तेव्हा स्तालिनच्या सोव्हिएत संघाने या विषयाचा असा कित्ता घालून ठेवला आहे, की तो नुसता गिरवला तरी पुरे.

आरंभ सेनापतींपासून करावा. ज्यांना युद्ध कळते ते अडचणीचे प्रश्न विचारतात, तेव्हा युद्ध येण्याआधीच त्यांची व्यवस्था लावलेली बरी. स्तालिनने जून १९३७ मध्ये मार्शल तुखाचेव्हस्कीला गोळी घातली आणि पुढच्या दोन वर्षांत पाच मार्शलांपैकी तिघांचा निकाल लावला. याचा खरा लाभ मेलेल्यांपेक्षा उरलेल्यांकडून होतो. वरिष्ठांच्या मताविरुद्ध ब्र काढला तर काय होते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला अधिकारी आपल्याला पुन्हा कधीही वाईट बातमी सांगून त्रास देत नाही.

हेरखात्याकडे मात्र जातीने लक्ष द्यावे, कारण सगळा घात तिथूनच होतो. आपण कितीही दुर्लक्ष केले तरी हे लोक बातम्या आणतच राहतात. तोक्योमध्ये बसलेला सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे याने जर्मनी हल्ला करणार असल्याचे वारंवार कळवले, लंडनहून चर्चिलने इशारा पाठवला, आणि खुद्द जर्मनीचा मॉस्कोतील राजदूत शुलेनबुर्ग यानेही मे महिन्यात सोव्हिएत राजदूताला जवळजवळ उघडपणे सावध केले. अशा वेळी गांगरून जाऊ नये. बातमी इंग्रजांकडून आली तर ते आपल्याला युद्धात ओढायला टपलेले आहेत असे समजावे, जर्मनाकडून आली तर तो जर्मन आहे म्हणून खोटी समजावी, आणि स्वतःच्या हेराकडून आली तर तो फितूर झाला असे समजावे. मग खरी बातमी आत शिरायला दारच उरत नाही. १७ जूनला जर्मन हवाई मंत्रालयातील खबऱ्याने तयारी पूर्ण झाल्याचे आणि घाव कोणत्याही क्षणी पडू शकतो असे कळवले, तेव्हा स्तालिनने त्या अहवालावर स्वहस्ते शेरा मारला. तो शेरा त्या खबऱ्याच्या आईचा उद्धार करणारा असल्याने सभ्य लेखात शब्दशः देता येत नाही. मतितार्थ एवढाच, की हा माणूस खबऱ्या नसून दिशाभूल करणारा आहे. त्या खबऱ्याला पुढे १९४२ मध्ये हिटलरच्या सरकारने फासावर चढवले. त्याच्या निष्ठेबद्दल निदान त्यांना तरी शंका उरली नव्हती.

खात्याचा प्रमुख कसा निवडावा, हाही प्रश्न येतो. लष्करी हेरखात्याचा प्रमुख प्रोस्कुरोव्ह तोंडावर बोलणारा होता, म्हणून १९४० मध्ये त्याला हटवून गोलिकोव्हला आणले. या गृहस्थाने २० मार्च १९४१ रोजी सादर केलेला अहवाल प्रत्येक होतकरू सरकारी नोकराने अभ्यासावा असा आहे. त्यात जर्मन हल्ल्याचे निरनिराळे आराखडे व्यवस्थित मांडले आहेत आणि शेवटी निष्कर्ष काढला आहे, की याच वसंतात युद्ध अटळ असल्याच्या अफवा म्हणजे इंग्रजांनी, किंवा कदाचित जर्मनांनीही, पसरवलेली खोटी माहिती समजावी. अहवालाच्या पोटात माहिती खरी आणि शेवटी निष्कर्ष साहेबांच्या मनासारखा! उद्या हल्ला झाला तर अहवाल दाखवता येतो, नाही झाला तर निष्कर्ष.

सीमेवर शत्रूला चिथावणी मिळेल असे काहीही करू नये. जर्मन विमाने महिनोन्‌महिने सोव्हिएत हद्दीत शिरून छायाचित्रे घेत होती आणि त्यांच्यावर गोळी झाडायला मनाई होती. सीमा पश्चिमेकडे सरकली असेल तर जुन्या सीमेवरची तटबंदी बहुतांशी मोडीत काढावी आणि नवी अर्धवट ठेवावी, म्हणजे दोन्हींपैकी एकीचाही उपयोग होत नाही. शत्रूशी झालेल्या व्यापारी करारानुसार द्यायचे धान्य मात्र वेळेवर पोहोचवावे. अखेरच्या रात्रीसुद्धा सीमेवरची बूग नदी ओलांडून मालगाड्या जर्मन बाजूला जात होत्या. आणि शेजाऱ्याची लबाडी प्रजेच्या लक्षात येऊ लागलीच, तर सरकारी वृत्तसंस्थेकरवी खुलासा करावा. तास या संस्थेने १४ जूनला युद्धाच्या अफवा निराधार असल्याचे जाहीर केले. बर्लिनने या निवेदनावर चकार शब्द काढला नाही, पण मौन म्हणजे संमती, असे समजायला काय हरकत आहे?

शेवटची संध्याकाळ करमणुकीत घालवावी. २१ जूनला पश्चिम विभागाचा सेनापती पाव्हलोव्ह मिन्स्कच्या नाट्यगृहात विनोदी संगीत नाटक पाहत बसला होता. त्याच्या हेरखात्याचा प्रमुख येऊन कानात कुजबुजला, की सीमेपलीकडे चिंताजनक हालचाली चालल्या आहेत. पाव्हलोव्ह म्हणाला, असे होणेच शक्य नाही, आणि पुन्हा रंगमंचाकडे पाहू लागला. मध्यरात्रीनंतर मॉस्कोहून आदेश निघाला, त्यात एकाच दमात पूर्ण सज्ज राहण्याची आणि कोणत्याही चिथावणीला बळी न पडण्याची आज्ञा होती. सैनिकाने बंदूक उचलायची की नाही, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. सुदैवाने पुष्कळ तुकड्यांना तो बॉम्ब पडल्यावरच मिळाला, त्यामुळे गोंधळ टळला. पहाटे पाव्हलोव्हचा उपसेनापती बोल्दिन दूरध्वनीवरून शहरे जळत असल्याचे सांगत होता, आणि संरक्षणमंत्री तिमोशेंको त्याला बजावत होता, की आमच्या संमतीशिवाय जर्मनांविरुद्ध काहीही करायचे नाही. त्या एका दिवसात सुमारे १२०० सोव्हिएत विमाने गेली, त्यांतली बहुतेक जमिनीवर उभी असतानाच.

एक अपवाद नोंदवायला हवा, कारण असे लोक सगळी योजना नासवतात. नौदलाचा प्रमुख कुझनेत्सोव्ह याने लेखी आदेश पोहोचण्याची वाट न पाहता रातोरात दूरध्वनी करून आपले ताफे सज्ज केले. परिणामी जर्मन विमाने काळ्या समुद्रावरच्या सेवास्तोपोल या नौदल तळावर आली तेव्हा तोफा भरलेल्या होत्या, आणि पहिल्या दिवशी नौदलाची एकही युद्धनौका बुडाली नाही. तुमच्या मंत्रिमंडळात असा कोणी असेल तर त्याला वेळीच मत्स्यव्यवसाय खाते द्यावे.

हल्ला होऊन गेल्यावर खापर फोडायला डोके शोधावे, आणि ते शक्यतो नाट्यगृहात बसलेले असावे. पाव्हलोव्हला महिन्याच्या आत, २२ जुलैला गोळी घातली. वाईट बातम्या देण्याची खोड असलेल्या प्रोस्कुरोव्हलाही त्याच ऑक्टोबरमध्ये गोळी घातली, म्हणजे ‘मी म्हणालो होतो’ असे म्हणणारा कोणी शिल्लक राहत नाही. झोर्गेला जपान्यांनी १९४४ मध्ये फाशी दिली. त्याच्या सरकारला त्याची आठवण वीस वर्षांनी झाली आणि १९६४ मध्ये त्याला वीरपदवी मिळाली. गोलिकोव्हला मात्र इतके थांबावे लागले नाही. युद्ध सुरू झाल्यावर लगेच त्याला शिष्टमंडळाचा प्रमुख करून परदेशी पाठवले, आणि १९६१ मध्ये तो मार्शल झाला, तोही जिवंतपणी.