देश मोजून काय कळणार?

परदेशप्रवासावरचा एक लेख नुकताच वाचला. त्यात वर्षभरात जास्तीत जास्त देश पालथे घालणाऱ्यांचं कौतुक आहे, तिथेच माझं गाडं अडलं. दर चार दिवसांनी गाव बदललं की रोज नवलाईच. कंटाळा यायला सवडच नसते. खरी गंमत कंटाळल्यावर सुरू होते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये 'कल्चर शॉक'चे, म्हणजे परक्या संस्कृतीत राहताना बसणाऱ्या धक्क्याचे टप्पे मांडले, त्यातही आधी नवलाईचा 'हनिमून', मग चिडचिड असाच क्रम आहे. परक्या देशात भाषा अर्धवट येत असते, त्यामुळे औषधाच्या दुकानात 'पोट दुखतंय' एवढंच सांगता येतं. मुरडा येतोय की जळजळतंय, ते हातवारे करून दाखवायचं. मागे रांग ताटकळलेली. मायदेशी मैफल गाजवणारा माणूस तिथे चारचौघांत मुका होतो. हे महिनोन्‌महिने सोसल्यावर आपला स्वभाव कुठला आणि नुसती सवय कुठली, हे उलगडायला लागतं. २०१८ च्या एका संशोधनातही हेच दिसलं: स्वतःबद्दलची स्पष्टता किती देशांत राहिलो यापेक्षा किती काळ राहिलो याच्याशी जोडलेली असते. (जास्त काळ राहायचं तर व्हिसाचं त्रांगडं आहेच म्हणा. युरोपातल्या शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत पर्यटकाला कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.) लेखकाने पुढच्या वेळी एकाच गावात सहा महिने काढलेल्या कुणाला तरी बोलतं करावं.