दमा घ्यायचा तर दमानं घ्या

फौजेत जाऊन दमा लावून घ्यायचा तुमचा विचार पक्का असेल, तर माझी काही हरकत नाही. फक्त जरा नियोजन करा. आमच्या तात्यांनी केलं नाही. 24 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आले ते काळी ट्रंक, दम्याचा निळा पंप आणि नोकरी संपताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद घेऊन. कागदावर दम्याच्या पुढे चार अक्षरं होती: एन, ए, एन, ए. म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, सबब त्याची वेगळी, अपंगत्वाची पेन्शन नाही. फौजी भाषेत 'नाना'. आमच्या आत्याला वाटलं, नाना म्हणजे बोर्डावरचे कुणी मोठे साहेब असतील, पेढे घेऊन एकदा भेटून यावं. तिला म्हटलं, आत्या, हे कुणाचे नाना नव्हेत. हे नुसतंच ना, ना.

तर पहिली गोष्ट जागेची. पहिला झटका कुठे घ्यायचा, हे आधीच ठरवून ठेवा. बोर्डाच्या फॉर्मात आजार कधी आणि कुठे सुरू झाला याचा रकाना असतो, आणि सगळा संसार त्या रकान्यात अडकलेला असतो. तात्या सियाचीनला राहून आले. एका खोपटात सहा जण, मधे रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी. बाहेर उणे तीस, आत धूर. दार उघडलं तर माणूस गोठतो, लावून घेतलं तर गुदमरतो. गोठण्यापेक्षा गुदमरणं परवडतं, म्हणून दार लावलेलंच. सकाळी खाकरून थुंकलं की बर्फावर शाई सांडल्यासारखा डाग पडायचा. तिथे धाप लागतेच, सगळ्यांनाच लागते. म्हणून तिला कुणी आजार म्हणत नाही, हवामान म्हणतात. तात्या खाली उतरले, पीस स्टेशनला आले, चांगली चुन्यानं रंगवलेली बराक मिळाली, आणि या गृहस्थांनी पहिला नोंदवण्याजोगा झटका तिथे घेतला! रकान्यात लिहिलं गेलं 'पीस'. शांततेच्या ठिकाणी फौजेमुळे कुणाला दमा होतो का? काहीतरीच.

तुम्ही मात्र बर्फावरच धापा टाकत एम. आय. रूम, म्हणजे फौजी दवाखाना, गाठा आणि चिठ्ठी घ्या. चिठ्ठी घेतली की मेडिकल कॅटेगरी घसरेल, प्रमोशन अडकेल, बरोबरचे नायब सुभेदार होतील आणि तुम्ही त्यांना सॅल्यूट ठोकाल, तो भाग वेगळा. आणि चिठ्ठी न घेता दात-ओठ खाऊन ड्यूटी केलीत, तर शेवटी बोर्ड विचारेल, इतका त्रास होता तर कागद कुठेत? यावर 'साहेब, लाज वाटली' हे उत्तर फॉर्मात बसत नाही. तात्यांनी तेच दिलं होतं.

आजी-आजोबाही बघून निवडा. दम्याला बोर्डाचा एक आवडता शब्द आहे, 'कॉन्स्टिट्यूशनल'. ऐकून छाती फुगेल, घटनेनंच दिलेला हक्क की काय! तसं नाही. अर्थ असा, की हा तुमच्या प्रकृतीचाच, अंगचाच दोष आहे. आता गंमत बघा. भरतीच्या वेळी याच अंगाचं माप घेतलं होतं. छाती 77 सेंटिमीटर, फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. मैलभर पळवलं, डॉक्टरनं नळी लावली, पाठीवर टिचक्या मारल्या आणि शिक्का दिला, फिट. त्या दिवशी अंगचा दोष कुठे लपला होता, कोण जाणे. बहुधा आजीच्या अंगात. तात्यांना खरंच विचारलं होतं, घराण्यात कुणाला दमा? तात्या प्रामाणिक. म्हणाले, आज्जीला खोकला असायचा. म्हातारी 60 वर्षं चुलीपुढे फुंकणी फुंकत होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नातवाच्या पेन्शनच्या आड अशी बिचारी म्हातारी आली.

तंबाखूचंही सांभाळा. दारू-तंबाखूच्या अतिरेकातून आलेल्या आजाराला भरपाई नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या हातातली असते, असा नियमच आहे आणि तो अगदी रास्त आहे. तात्या तंबाखू खातात. मळून, चिमूटभर, दाढेखाली. दाढेतून ती फुफ्फुसात कोणत्या वाटेनं उतरते, हे त्यांनी विचारायला हवं होतं. पण फौजेत वरच्याला प्रश्न विचारायची पद्धत नाही.

आता टक्के, म्हणजे आजारानं किती अपंगत्व आलं याचं बोर्डाचं माप. आजार नोकरीमुळेच झाला हे मान्य झालं, तरी 20 टक्क्यांच्या खाली गेलात तर वेळेवर रिटायर होणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. तेव्हा 19 टक्क्यांवर घुटमळू नका. बोर्डाच्या आधी दोन जिने पळत चढा. 20 ते 49 असाल तर 50 धरतात, याला ब्रॉडबँडिंग म्हणतात. आधी हे फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होतं. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही द्या, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात सांगितलं. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम, 50 ला तिच्या निम्मी. शेवटचा पगार 40 हजार असेल तर महिन्याला 6 हजार. दोन प्रकारचे पंप, नेब्युलायझरची औषधं आणि तालुक्याला जायची गाडी धरली, तर शेवटी चहापुरते उरतात.

कायदा वाईट आहे असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, कायदा फार गोड आहे. सुप्रीम कोर्टानं 2013 साली धरमवीर सिंग यांच्या निकालात स्वच्छ लिहिलंय: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, पुढे जो आजार झाला तो नोकरीशी निगडित मानायचा, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, शिपायाची नव्हे, आणि शंकेचा फायदा शिपायाला. इतकं सरळ, की चौथीच्या पोराला कळावं. म्हणूनच बहुधा मोठ्या माणसांना कळायला वेळ लागतो. तुम्ही एवढंच करा: पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे, म्हणजे आपल्या भागातून एका रात्रीचा एसटी प्रवास. तिथे जिंकलात तरी लगेच पेढे वाटू नका. पुढे हायकोर्ट आहे, सुप्रीम कोर्ट आहे, आणि सरकारच्या वकिलाला धाप लागत नाही. हा खटल्यांचा ढीग कमी करावा म्हणून आपल्या गोव्याच्या पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना, 2015 साली, तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं अहवालही दिला. ढीग अजून आहे.

काही बडे साहेब रिटायर व्हायच्या तोंडावर रक्तदाब दाखवून टक्के पदरात पाडून घेतात, अशी ओरड आहे. त्यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम आले, आणि मुदत पूर्ण करून निघणाऱ्याला मिळणाऱ्या पैशाचं नाव बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं. साहेबांच्या रक्तदाबाचं काय झालं मला माहीत नाही. तात्यांना निदान हा नवा शब्द पाठ करावा लागणार नाही, ते आधीच्या नियमांत बसतात. किंवा बसत नाहीत.

अपील अजून चालू आहे. दरम्यान दर नोव्हेंबरला तात्यांना जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, नेहमीच्या पेन्शनसाठी. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर, त्यात थंडी, म्हणजे जिवंत असल्याचं त्यांचं त्यांनाच नक्की वाटत नाही असा महिना. परवा मी त्यांना घेऊन गेलो. जिना चढताना तीनदा थांबले, पंप दोनदा ओढला. अंगठा मशीन घेईना, म्हणून दाखले करणाऱ्या पोरानं मोबाइल तोंडासमोर धरला. 'काका, डोळे मिटा-उघडा करा.' तात्यांनी केलं. 'हलू नका.' छाती भात्यासारखी वरखाली होत होती, त्यामुळे डोकंही हलत होतं. मोबाइलवर गोल गोल चक्र फिरायला लागलं, ते काही थांबेना. पोरगा वैतागून मोबाइल झटकत म्हणाला, 'काका, जरा दम धरा की.'