बारावीचे गुण असताना रसायनशास्त्राची वेगळी चाचणी कशाला?

बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाचे प्रवेश सुरू झाले की पालकांमध्ये, आणि काही प्रमाणात प्राध्यापकांमध्येही, एक मजकूर आवर्जून पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : बारावीला रसायनशास्त्रात चांगले गुण मिळवून आलेल्या मुलांची महाविद्यालयाने पहिल्याच आठवड्यात पुन्हा पूर्वतयारी चाचणी घेणे निरर्थक आहे, कारण बोर्डाने आणि सीईटीने ती तयारी आधीच तपासलेली असते, अशा चाचण्यांत गणित विचारून जीवशास्त्र गटाच्या मुलांवर अन्याय केला जातो, खेड्यातून आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना बाजूला काढण्याचे ते साधन आहे, आणि एवढे करूनही कोण पुढे यशस्वी होईल हे त्या चाचण्या सांगू शकत नाहीत. यातल्या एका मुद्द्यात निश्चित तथ्य आहे आणि त्याची दखल पुढे घेतली आहे. बाकीचे मुद्दे मात्र चुकीच्या समजुतींवर उभे आहेत, आणि हा मजकूर ज्या विद्यार्थ्यांची बाजू घेऊ पाहतो, त्यांचेच त्याने सर्वाधिक नुकसान होते.

बोर्डाने तयारी तपासलेली आहे, हा दावा प्रथम पाहू. महाराष्ट्रात बारावीची बोर्डाची परीक्षा फक्त बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. स्थायू अवस्था, द्रावणे, विद्युत्‌रसायन, रासायनिक गतिकी, समन्वय संयुगे आणि पुढचे सेंद्रिय रसायन हा त्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. मोल संकल्पना, लिमिटिंग रीएजंट, सार्थ अंक, अणुरचना, रासायनिक बंध, रेडॉक्स अभिक्रिया, आवर्तसारणी, रासायनिक समतोल आणि सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वे हे सारे अकरावीच्या पुस्तकात आहे, आणि अकरावीची परीक्षा ज्या त्या कनिष्ठ महाविद्यालयाची अंतर्गत परीक्षा असते. बारावीचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून अकरावी कशी उरकली जाते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. प्रथम वर्षाचे रसायनशास्त्र ज्या पायावर उभे राहते तो पाया अकरावीचा, आणि गुणपत्रिकेवर जो आकडा दिसतो तो बारावीचा. गुणपत्रिका खोटे बोलत नाही. आपण तिला जे विचारत आहोत ते तिच्यात नोंदवलेलेच नाही.

प्रश्नपत्रिकेची रचनाही पाहावी लागते. रसायनशास्त्राचे शंभर गुण म्हणजे ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. लेखी परीक्षेत दोन गुणांचे १२ प्रश्न असतात, त्यांपैकी ८ सोडवायचे. तीन गुणांचे १२ असतात, त्यांतलेही ८. चार गुणांच्या ५ पैकी ३. इतका पर्याय मिळाल्यावर गणिती उदाहरणे ‘ऑप्शनला टाकून’ व्याख्या, नामाभिधान, कारणे द्या आणि रूपांतरे यांच्या बळावर उत्तम गुण मिळवता येतात. यात विद्यार्थ्याचा काहीही दोष नाही, त्याने नियमांच्या चौकटीत शहाणपणाच दाखवलेला असतो. परंतु ज्याने द्रावणांची उदाहरणे वगळून ८२ गुण मिळवले आणि ज्याने ती सोडवून ८२ मिळवले, ते दोघे प्रयोगशाळेच्या टेबलाशी एकाच तयारीने उभे आहेत असे त्या आकड्यावरून म्हणता येत नाही.

सीईटीत अकरावीला साधारण २० टक्के वाटा असतो, म्हणजे रसायनशास्त्राच्या ५० प्रश्नांपैकी दहाच्या आसपास. चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे किती जणांच्या पुढे आहात ते कळते, काय येते ते कळत नाही. शिवाय बी.एस्सी.चे प्रवेश सामान्यतः बारावीच्या गुणांवर होतात, त्यामुळे वर्गातल्या अनेकांनी सीईटी दिलेलीही नसते.

गुण असले म्हणजे समज असणारच, ही या मजकुराची सर्वांत खोलवर रुजलेली समजूत आहे आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. प्रथम वर्षाच्या प्रयोगशाळेत २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ०.१ मोलॅर (म्हणजे एका लिटरमध्ये ०.१ मोल पदार्थ असलेले) द्रावण तयार करून झाले आहे. विद्यार्थ्याने वजन बरोबर घेतले, खुणेपर्यंत पाणी भरले, मोलॅरिटीचे सूत्र वहीत अचूक लिहिले. आता त्यातले १० मिलिलिटर पिपेटने काढून कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतले, तर या दहा मिलिलिटरांची मोलॅरिटी किती, असे त्याला विचारावे. दरवर्षी काही चांगले गुण असलेले विद्यार्थी ०.१ ला २५ ने भागून ०.००४ असे उत्तर देतात. द्रावण कमी घेतले म्हणून ते ‘कमी’ झाले, असा हा विचार आहे. मोलांची संख्या पंचविसाव्या हिश्शाने उरली हे खरे, पण आकारमानही तितकेच घटले, म्हणून संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, होती तेवढीच आहे, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेलीच नसते. बोर्डाच्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही, कारण तो फारच सोपा वाटतो. टायट्रेशनचे सबंध सत्र मात्र त्याच्यावर चालते.

दुसरे उदाहरण चित्राचे. एका बंद पेटीत नायट्रोजनचे ६ रेणू आणि हायड्रोजनचे ६ रेणू गोळ्यांच्या जोड्यांनी दाखवले आहेत. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर पेटीत काय दिसेल ते काढा. अमोनियाचे संतुलित समीकरण (N₂ + 3H₂ → 2NH₃) बहुतेकांना तोंडपाठ असते. हायड्रोजनचे ६ रेणू नायट्रोजनच्या फक्त २ रेणूंना पुरतात, त्यातून अमोनियाचे ४ रेणू होतात आणि नायट्रोजनचे ४ रेणू तसेच शिल्लक राहतात, हे उत्तर मात्र कमी जण काढतात. काही जण पेटीत १२ अमोनिया भरतात, म्हणजे २४ हायड्रोजन अणू कुठून तरी आणतात. काही जण समीकरणातले गुणांक आणि रेणुसूत्रातले पादांक यांची सरमिसळ करून सगळे अणू एकाच गठ्ठ्यात चिकटवतात. हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. न्यूरेनबर्न आणि पिकरिंग या अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ मध्ये नेमके हेच दाखवले होते : वायूंची आणि अभिक्रियांची आकडेमोड बरोबर करणारे बरेच विद्यार्थी त्याच विषयावरच्या रेणूंच्या चित्रांपुढे अडखळतात. त्यानंतर इतर अभ्यासकांनाही हाच अनुभव आला. म्हणूनच पूर्वतयारीची चाचणी बोर्डाच्या पेपरची छोटी आवृत्ती असून चालत नाही, आणि तशी असेल तर ती निरर्थक आहे हे मीही मान्य करीन.

आता गणित. जीवशास्त्र गटाच्या मुलांना बारावीला गणित नसते, म्हणून चाचणीत गणित विचारणे अन्याय्य, असे म्हटले जाते. इथे कोणते गणित अभिप्रेत आहे ते आधी स्पष्ट व्हायला हवे. सम आणि व्यस्त प्रमाण, एकक बदलणे, दहाचे घातांक, सरळ रेषेच्या आलेखाचा चढ आणि लॉगचा अर्थ, एवढेच. ३ × १०⁻⁵ ला ६ × १०⁻² ने भागले की ५ × १०⁻⁴ येतात, किंवा पीएच ३ वरून ५ वर गेला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती शंभर पट घटली, हे उच्च गणित नव्हे. बारावीच्या पेपरला लॉग टेबल वापरता येते. पण टेबलातून आकडा काढता येणे वेगळे आणि लॉग काय सांगतो ते कळणे वेगळे. हे गणित चाचणीतून काढून टाकले म्हणून अभ्यासक्रमातून जात नाही. फरक इतकाच पडतो की उणीव पहिल्या आठवड्यात दिसण्याऐवजी सत्राअखेरच्या निकालात दिसते, आणि तेव्हा तिच्यावर काही करण्याची वेळ निघून गेलेली असते.

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परीक्षा विभागाकडून मिळणाऱ्या टोलेडो चाचणीची रचना इथे शिकण्यासारखी आहे. ५५ मिनिटांत ६० प्रश्न, त्यांतले २० गणिताचे, २० सर्वसाधारण रसायनाचे आणि २० विशिष्ट रसायनज्ञानाचे. तिन्ही भाग वेगळे मोजता येतात, कारण उपायही वेगळे आहेत. ज्याचे गणित कच्चे पण रसायनाची समज चांगली, त्याला प्रमाण आणि घातांकांचा सराव हवा. ज्याचे उलट आहे, त्याला रेणूंची चित्रे काढायला बसवले पाहिजे. दोघांना एकाच ‘कच्च्या मुलांच्या’ वर्गात बसवणे म्हणजे दोघांचाही वेळ दवडणे आहे.

बाजूला काढण्याचा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातच ते तथ्य आहे. एका चाचणीतल्या एका आकड्यावर रेषा मारून विद्यार्थ्यांना मुख्य अभ्यासक्रमाबाहेर ठेवले की नुकसान होते. कॅलिफोर्नियातल्या सामुदायिक महाविद्यालयांत इंग्रजी आणि गणित या विषयांत असे वर्षानुवर्षे झाले. पूर्वतयारीच्या वर्गांत अडकलेले असंख्य विद्यार्थी पदवीच्या स्तरावरील विषयापर्यंत पोहोचलेच नाहीत. अखेर २०१७ मध्ये तिथे कायदा करून शालेय गुणांचा विचार करणे बंधनकारक केले गेले. हा धडा आपण घ्यायलाच हवा. पण धडा चाचणीच्या वापराचा आहे. आपल्याकडे ही चाचणी प्रवेश झाल्यानंतर घेतली जाते, आणि ती तशीच राहावी. तिच्या गुणांची नोंद गुणपत्रिकेवर, हजेरीपटावर किंवा सूचनाफलकावर कुठेही होता कामा नये, आणि वर्गात नावे वाचून दाखवणे तर साफ बंद असावे.

खेड्यातल्या मुलांबद्दल मला अधिक ठामपणे बोलायचे आहे. शहरातल्या खासगी क्लासमधून आलेल्या मुलाच्या उणिवा क्लासने केव्हाच हेरलेल्या असतात. ज्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात वर्षभर रसायनशास्त्राचा पूर्णवेळ शिक्षक नव्हता, ज्याने प्रात्यक्षिके फक्त जर्नलमध्ये उतरवली, त्याच्या उणिवा हेरायला दुसरे कुणीही नाही. तोंडी शंका विचारण्याचा संकोचही त्यालाच जास्त असतो. कागदावरची चाचणी ही त्याची शंका न विचारता आपल्यापर्यंत पोहोचण्याची एकमेव वाट असते, आणि ती बंद केली तर तो शेवटच्या बाकावर गप्प बसतो. मात्र प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही छापले पाहिजेत. नववीच्या पुस्तकात ज्याने रेणुवस्तुमान आणि संयुजा शिकून घेतली आहे, त्याचे रसायन तपासायचे असेल तर त्याचे इंग्रजी आड येऊ देऊ नये.

भाकीत करता येत नाही, या आक्षेपाबद्दल थोडक्यात. अशा चाचण्यांचे गुण आणि सत्राअखेरचे गुण यांचा संबंध सर्वसाधारणपणे मध्यम असतो. एकेका विद्यार्थ्याचे भविष्य त्यावरून सांगू नये, हे बरोबर आहे. पण ज्या महाविद्यालयात ८५ टक्क्यांखाली प्रवेशच नाही, तिथे बारावीचे गुणही विद्यार्थ्यांमधला फरक दाखवू शकत नाहीत, कारण सगळे एकाच अरुंद पट्ट्यात असतात. आणि मुळात ही चाचणी भाकितासाठी नाहीच. पिपेटचा तो प्रश्न वर्गातल्या निम्म्यांनी चुकवला असे दिसले, तर शिक्षकाने पुढच्या तासाला काय शिकवायचे हे ठरते. एवढ्यासाठी सहसंबंधाचा कोणताही आकडा लागत नाही.

राहता राहिला चाचणीनंतर पुढे काहीच होत नाही हा प्रश्न. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी तपासून त्यानुसार उपक्रम घेण्याचा मुद्दा आलेला असल्यामुळे कित्येक महाविद्यालयांत अशी चाचणी होते, तिचे कागद फायलीत लागतात आणि तिथेच राहतात. मजकूर लिहिणाऱ्याचा वैताग यातूनच आला असेल तर तो मला समजतो. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे : पाऊण तासाची, तीसेक प्रश्नांची चाचणी, आठवड्याच्या आत प्रत्येकाला भागवार निकाल, शक्य असेल तर समोर बसवून, सहा आठवडे रोजच्या तासाला जोडून सराव, आणि सातव्या आठवड्यात त्याच संकल्पनांवर नवे प्रश्न. दुसऱ्या वेळीही एखाद्या प्रश्नावर वर्ग तिथेच अडलेला दिसला, तर तो भाग विभागातल्या दुसऱ्या शिक्षकाने दुसऱ्या पद्धतीने शिकवून पाहावा.