बेअर ब्रायंट: तुमच्या प्रतिक्रियेला जरा लांबलचक उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे कोच बेअर ब्रायंट यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘आरती’ म्हटलंत. एका मॅचनंतर त्यांनी आपल्या संघातला वर्णभेद मोडला हे थोतांड आहे, आणि पोरांना पाण्यावाचून राबवणारा माणूस महान कसला, हे तुमचे दोन मुद्दे. पहिला कबूल. दुसरा अर्धा.

आधी ती मॅच. 12 सप्टेंबर 1970, बर्मिंगहॅम. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघानं अलाबामाला 42-21 असं धुतलं. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूनं 135 यार्ड पळून दोन टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत चेंडू नेऊन मिळवलेले गुण) केले. इथवर ठीक. मग ब्रायंटनी त्याला आपल्या पोरांसमोर उभं करून ‘फुटबॉलपटू असा असतो’ म्हटलं, हा किस्सा मी भाविकपणे लिहून टाकला. अलाबामाच्या खेळाडूंनीच पुढे सांगितलंय की असं काही झालंच नाही. शिवाय विल्बर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मुलगा तेव्हा अलाबामात दाखल झालेला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची परवानगी नव्हती, एवढंच. त्याआधी 1969 मध्ये विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेनं संघात कृष्णवर्णीय खेळाडू नसण्याच्या प्रश्नावर कोर्टात दावा लावला होता. वकील होते यू. डब्ल्यू. क्लेमन, पुढे अलाबामातले पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश. आणि अलाबामाच्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठांच्या त्याच गटातल्या केंटकीकडून नेट नॉर्थिंग्टन 1967 लाच मैदानात उतरला होता.

वर्णभेदाचे कट्टर समर्थक गव्हर्नर वॉलेस यांच्या राज्यात कोच बिचारा काय करणार, असं मला वाटायचं. आता नाही वाटत. 1961, 64 आणि 65 ची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून बसलेल्या माणसाला तिथे ‘नाही’ म्हणायची छाती कोणाची होती?

आता पाणी. 1954 मध्ये ते टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे कोच होते, तेव्हा तिथल्या मुलांना त्यांनी ऐन दुष्काळात जंक्शन गावी नेलं. दहा दिवस. जमीन दगडगोट्यांची, ऊन रणरणतं, सरावात पाण्याचा थेंब नाही. एक मुलगा उष्माघातानं कोसळला. कितीतरी जण रातोरात बसस्टँड गाठून घरी पळाले. आणि एवढं करून त्या मोसमात एक विजय, नऊ पराभव! हे शिस्तीच्या नावाखाली मी लिहायला नको होतं.

पण ‘नुसता दांडगट’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. 1969 आणि 70 मध्ये अलाबामा जेमतेम निम्म्या मॅच जिंकली. ब्रायंट संपले असंच लोक बोलत होते. ते उठले आणि टेक्सस विद्यापीठाचे कोच डॅरेल रॉयल यांच्याकडून ‘विशबोन’, म्हणजे चेंडू घेऊन पळण्यावर भर देणारं आक्रमण शिकून आले, वयाच्या 57 व्या वर्षी. पत्रकारांना जुनीच मांडणी दाखवत नवी लपवून घोटली. 1971 मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन त्याच सदर्न कॅलिफोर्नियाला 17-10 नं हरवलं. त्या दिवशी जॉन मिचेल अलाबामाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला, आणि 1973 मध्ये ब्रायंटनी त्याला सहायक कोच केलं. 1971 ते 79 मध्ये 97 विजय, फक्त 11 पराभव. हरायला लागल्याखेरीज हा माणूस बदलायचा नाही, हे त्यांच्या डावपेचांइतकंच त्यांच्या न्यायबुद्धीलाही लागू आहे. त्यामुळे तुमची चीड मी खोटी म्हणत नाही.

कनिंगहॅमचा किस्सा लेखातून काढलाय, दाव्याची हकिकत घातलीय. ‘महान’ हा शब्द मात्र ठेवलाय. त्यावरून भांडायचं असेल तर या, खाली जागा आहे.