सुकट महागली म्हणून मावशीशी भांडू नका

सुकटीचा भाव चढला की कराडच्या बाजारात बोलणी खाते ती विकणारी मावशी. तिच्याशी हुज्जत घालून काय उपयोग? तिचा माल कुंभार्ली घाटाखालून येतो आणि तिथं काय चाललंय यावर आपण घाटावरची माणसं कधी बोलतच नाही. म्हणून हे लिहितेय.

सुकवून खाता आली असती अशी तारली, मांदेली, बारीक बांगडा ही मासळी ट्रकच्या ट्रक भरून फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्यांत जाते. चार-पाच किलो ओल्या मासळीची जेमतेम किलोभर भुकटी होते. ती थोडी कोंबडीच्या खाद्यात जाते, बरीचशी कोळंबीच्या तळ्यांवर जाते आणि काही परदेशात. कारखान्याला फक्त वजन हवं असतं. पिल्लू असो, मोडका मासा असो, सगळं चालतं. मग जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचं माप, मोठा कोण ठेवेल? कोळंबीची पिल्लंही त्यातच ओढली जातात. वाढली असती तर हीच कोळंबी किनाऱ्यालगतच्या छोट्या होडीवाल्याला मिळाली असती. त्याला खोल समुद्रात जाता येत नाही. मोठा ट्रॉलर उथळ पाण्यात शिरला की या होडीवाल्याचं जाळंही फाटतं, आणि भरपाई कुणाकडे मागायची?

त्यात २००९ पासून आपल्याकडे व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली. ती बाराही महिने, एका मापाची, भरपूर येते. म्हणजे समुद्रातली मासळी खाऊन वाढलेली तळ्यातली कोळंबी त्याच समुद्रावर जगणाऱ्या कोळ्याच्या कोळंबीचा भाव पाडते. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

सगळा दोष जाळ्यांचा नाही, हेही सांगायला हवं. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली होती, २०२१ साली फक्त ३,२९७ टन. शास्त्रज्ञ त्यामागे समुद्राचं बदललेलं हवामान मुख्य मानतात. सुकटीचा जवळा पकडणाऱ्या डोलीचा, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याचा, आसही बारीकच असतो. पण मासळी आधीच हवामानाच्या तडाख्यात असताना उरलीसुरली पिल्लं भुकटीसाठी उपसणं मला पटत नाही.

कायदे आहेत. २०१६ साली राज्यात पर्ससीनवर, म्हणजे मासळीचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घेणारी मासेमारी बंद केली, २०२१ साली राज्याने १९८१ च्या कायद्यात बदल करून दंड वाढवले. तरी किनाऱ्यावरून तक्रारी येतच आहेत. तपासणी नुसती समुद्रात का? कारखान्याच्या दारात ट्रक उभा राहतो, तिथं पिल्लं मोजणं किती सोपं आहे!

आणि आता आपलं. सातारा-सांगलीत सोयाबीन किती पिकतं! २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. कोंबडीच्या खाद्यात सोयापेंड आधीपासून आहेच. फिशमीलमधून मिळणारं लायसिन, मिथिओनिन (प्रथिनांचे गरजेचे घटक) आता वेगळं विकत मिळतं, त्यामुळे कोंबडीपुरतं तरी समुद्राकडे हात पसरायची गरज नाही. तळ्यातल्या कोळंबीला पूर्ण पेंडीवर ठेवणं अवघड आहे हे मान्य, पण प्रमाण कमी करता येतं.

आपल्या भागात पोल्ट्रीवाले कितीतरी आहेत. तुमच्या खाद्याच्या पोत्यात फिशमील किती टक्के आहे, ते कुठल्या मासळीचं आहे, हे दुकानदाराला विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. सोयाबीनच्या भावाचं निवेदन देणाऱ्यांनी पोत्यावर हे छापायची मागणीही त्यात घालावी. मजकूर मी लिहून देते.